चाळीस समाधानी लाभार्थी

उंदरांच्या अंगठ्याचे ठसे घ्यायची कल्पना ताईला सुचली ती शुद्ध रागातून, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे खात्याने ती आपलीच योजना होती असं छापलं, आणि सरकारने एकदा छापलेलं खोडायचं तर आणखी काहीतरी छापावं लागतं.

ताई म्हणजे मेंदूवर संशोधन करणारी बाई. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, कचेरीत मॅडम म्हणतात आणि इमारतीत तिच्या पाठीमागे उंदीरवाली म्हणतात. आपण ताईच म्हणू, कारण बाकीच्या दोन नावांनी हाक मारली की ती चिडते. तशी ती ताई म्हटल्यावरही चिडते, पण कमी.

तिची प्रयोगशाळा संस्थेच्या तळघरात होती. दोन खोल्या. एका खोलीत चाळीस उंदीर आणि दुसरीत ती, तिची कागदपत्रं आणि सव्वीस वर्षं पिंजरे धुणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे पिंजरेवाला म्हणत. चाळीस उंदरांची खोली मोठी होती.

प्रयोग सांगायला सोपा होता. उंदराला एक दांडी द्यायची. दांडी दाबली की नळीतून अमली औषधाचा एक थेंब त्याच्या रक्तात जातो. उंदीर हे दोन दिवसांत शिकतो, आणि तो वाईट संगतीने बिघडला असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. मग औषध बंद करायचं आणि उंदराला तीस दिवस शांत ठेवायचं. आता कुणालाही वाटेल की रोज थोडी थोडी तलफ कमी होत जाईल. होत नाही. ती वाढत जाते. तिसाव्या दिवशी त्याच पिंजऱ्यात सोडलं की उंदीर ती कोरडी दांडी पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त वेळा दाबतो. त्या तीस दिवसांत मेंदूत काय साठत जातं, आणि एका नव्या औषधाने ते थोपवता येतं का, एवढंच ताईला बघायचं होतं. त्या औषधाची बाटली करंगळीएवढी होती आणि किंमत ताईच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. पुरवठादार पैसे हातात पडल्याशिवाय बाटली बर्फातून बाहेर काढायला तयार नव्हता. आणि ती हवी होती बरोबर तिसाव्या दिवशी. एकतिसाव्या दिवशी मिळाली असती तर तिच्यात पिंजरेवाल्याने चहाचा चमचा बुडवला असता तरी चाललं असतं, इतकी ती निरुपयोगी. सात महिन्यांचं काम होतं आणि ते त्या एका दिवशी येऊन थांबत होतं.

पैसे मंजूर होते. व्यसनमुक्ती खात्याने ते दोन हप्त्यांत द्यायचे होते. पहिला हप्ता उंदीर आणि पिंजऱ्यांत गेला. दुसरा कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, टेबल क्रमांक सातवर अडकला. उंदरांचा त्या दिवशी आठवा दिवस होता.

घरातही एकाचे दिवस मोजणं चालू होतं. पाठीच्या ऑपरेशननंतर धाकट्याला वेदनेच्या गोळ्या दिल्या होत्या. पाठ सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. आता तिसऱ्यांदा सोडून तो ताईकडे आतल्या खोलीत राहायला आला होता, आणि त्याचा दिवस उंदरांच्या पाच मागे चालत होता. सकाळी चहा पिताना तो विचारायचा, "तुझ्या लोकांचा आज कितवा?" ताई सांगायची. तो पाच वजा करायचा आणि म्हणायचा, "म्हणजे मी ज्युनिअर."

इमारतीला हा हिशोब मान्य नव्हता. इमारतीकडे व्यसनावर सतरा उपाय होते आणि त्यातल्या एकालाही तळघर लागत नव्हतं. समोरच्या वहिनींचं म्हणणं, त्याचं लग्न करून टाका. त्याचं लग्न झालेलं होतं आणि मोडलेलंही होतं, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग दुसरं करा. वरच्या मजल्यावरच्यांनी पहाटे उठायला सांगितलं. पण खरे तज्ज्ञ म्हणजे तळमजल्यावरचे काका. विमा कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते फुकट सल्ला देत. त्यांचा उपाय एकच होता, दोन कानाखाली ठेवून द्यायच्या. ताईने एकदा जिन्यात उभं राहून त्यांना चाळीस मिनिटं मेंदू समजावून सांगितला. कोणता भाग काय करतो, तलफ कुठून उठते, निर्धार कुठे बसतो आणि दोघांत वायरिंग कसं आहे. काकांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी निर्धारच ना." त्या दिवशी ताईने भाजी इतक्या जोरात चिरली की धाकट्याने सुरी काढून घेतली. तो स्वतः मात्र काकांशी फार नीट वागायचा. जिन्यात भेटले की थांबून विचारायचा, "काका, आधी डावीकडची का उजवीकडची?" काका यावर खरंच विचार करत.

तर टेबल क्रमांक सात. तिथे बसणारा कारकून वाईट माणूस नव्हता, आणि हेच ताईला सहन होत नसे. वाईट माणसावर ओरडता येतं. हा खुर्ची पुढे करायचा, पाणी द्यायचा आणि मग नाही म्हणायचा. ताईने मनात त्याचं नाव सातनंबर ठेवलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फाइलमध्ये सगळं होतं, फक्त लाभार्थी समाधान पत्र नव्हतं. खात्याच्या प्रत्येक योजनेला लाभार्थी लागतो. नाव, वय, पत्ता, समाधानी आहे का, सही किंवा अंगठा, तीन प्रतींत. त्याशिवाय संगणक पुढचं पान उघडत नाही.

ताईने सांगितलं, हे संशोधन आहे, याचा लाभ अजून कुणालाच झालेला नाही, पुढे लाखोंना होईल. सातनंबरने रकाने तपासले. भावी लाभार्थी असा रकाना नव्हता.

"मग पहिला हप्ता कुणावर खर्च झाला?" त्याने विचारलं.

"उंदरांवर."

"म्हणजे लाभ उंदरांना झाला."

"अहो, त्यांना व्यसन मीच लावलंय."

"हो, पण मग सोडवलंय पण तुम्हीच ना?" सातनंबर अगदी समजुतीने म्हणाला. "तेच तर आमच्या खात्याचं काम आहे, मॅडम."

तक्रार कुठे करायची असं विचारल्यावर त्याने टेबल क्रमांक अकरा दाखवलं. अकराचे गृहस्थ रजेवर होते आणि त्यांचा कार्यभार सातकडे होता. सातनंबर उठला, अकराच्या खुर्चीवर जाऊन बसला, तिथूनही त्याने पाणी दिलं आणि सांगितलं की तक्रार योग्य आहे, पण तिला समाधान पत्र जोडावं लागेल.

उंदरांच्या अकराव्या दिवशी ताई परत गेली. पंधराव्या दिवशी परत. तिन्ही वेळा ती पायऱ्या चढून गेली, कारण लिफ्टवर 'फक्त लाभार्थ्यांसाठी' अशी पाटी होती. तिसऱ्या वेळी उतरताना तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती प्रयोगशाळेपर्यंत टिकली. तिने पिंजरेवाल्याला शिक्क्याची शाई आणायला सांगितली.

दोन दिवस ते काम चाललं. पिंजरेवाला उंदराला चष्म्याच्या डबीसारखा अलगद धरायचा, पुढचा पाय शाईत टेकवायचा आणि कागदावर उठवायचा. चाळीस उंदीर, तीन प्रती, एकशेवीस ठसे. रकाने ताई भरत होती. नाव: तेरा. वय: सात महिने. पत्ता: पिंजरा क्रमांक तेरा, तळघर. व्यवसाय: दांडी दाबणे. व्यसन कुणामुळे लागले: संशोधकामुळे. समाधानी आहे का: होय. बावीस क्रमांक पिंजरेवाल्याच्या बोटाला चावला, तेव्हा त्याच्यापुढे तिने 'अंशतः' लिहिलं. पिंजरेवाल्याने बोट चोखत एवढंच विचारलं की हे सगळं कशासाठी. ताई म्हणाली, अपमान करायचाय.

तिचा बेत साफ होता. हे कागद बघून खातं खवळणार, मोठे साहेब तिला बोलावणार, हा काय प्रकार आहे म्हणून विचारणार, आणि मग ती बोलणार. भाषण तयार होतं. रात्री जेवताना तिने ते धाकट्याला म्हणून दाखवलं. त्याने दोन वाक्यं काढायला लावली आणि एका ठिकाणी टेबलावर हात आपटायला सांगितलं.

सतराव्या दिवशी सातनंबरने एकशेवीस कागद मोजले. मग भिंग काढलं आणि पहिला ठसा बराच वेळ बघितला. ताई खुर्चीत सरसावून बसली.

"चारच बोटं उठलीत," तो म्हणाला. "अंगठा कुठाय?"

"त्यांना पुढच्या पायाला अंगठा नावालाच असतो," ताई म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

सातनंबरने समासात 'दिव्यांग' असं लिहिलं. दिव्यांग लाभार्थ्यांच्या फायली वेगळ्या लाल दोऱ्यात जातात आणि लवकर जातात, ही माहितीही दिली. संगणक अठराच्या खालचं वय घेत नव्हता, म्हणून त्याने सगळ्यांचं वय अठरा केलं. पिंजरा हा शब्द यादीत नव्हता, म्हणून पत्त्यासाठी ताईच्या घरचा पत्ता घातला. अशा रीतीने एका दोन खोल्यांच्या घरात राहणारे अठरा वर्षांचे चाळीस दिव्यांग तरुण व्यसनमुक्त झाले, सातनंबरने शिक्का मारला आणि ताईला पाणी दिलं. भाषण तिच्या घशातच राहिलं. ते तसंच घेऊन ती घरी आली आणि धाकट्यावर ओरडली. त्याने काहीच केलेलं नव्हतं, पण घरात तोच होता.

पैसे येतील या आशेने तिने पुरवठादाराला फोन करून बाटली बाजूला ठेवायला सांगितली. विसाव्या दिवशी पैशांऐवजी पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी कडा. खात्याने अभिनंदन केलं होतं. चाळीसपैकी चाळीस लाभार्थी व्यसनमुक्त आणि समाधानी, एक अंशतः. आजवर कोणत्याच योजनेला असं यश आलं नव्हतं. उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे प्रकल्प यशस्वीरीत्या समाप्त करण्यात येत असून दुसऱ्या हप्त्याची आवश्यकता उरलेली नाही. आठ दिवसांनी जाहीर सत्कार. लाभार्थ्यांसह उपस्थित राहावे.

ताईने पत्र दोनदा वाचलं. मग ती ज्या शब्दांत बोलली ते शब्द धाकट्याने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले आणि एक-दोन तर मुळातच पहिल्यांदा ऐकले.

सातनंबरसमोर तिने या वेळी पाणी प्यायलं नाही. हे उंदीर आहेत, तिने सांगितलं. माणसं नाहीत, उंदीर. शेपटीवाले.

"मला माहीत आहे, मॅडम," सातनंबर म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण आता ते वर गेलंय."

वर म्हणजे मोठ्या साहेबांकडे, आणि साहेबांकडून आणखी वर. वर गेलेले उंदीर खाली आणायची सोय नव्हती. मात्र सातनंबर उठला, मागच्या कपाटातून नियमांचं एक पुस्तक काढलं, आजूबाजूला बघितलं आणि एका पानावर बोट ठेवलं. नियम जुना होता. योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी एकाने जरी सक्षम अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष उभं राहून, स्वतःच्या तोंडाने सांगितलं की गरज संपलेली नाही, तर फाइल उघडावी लागते आणि दुसऱ्या दिवशी रक्कम द्यावी लागते. हा नियम कधीच कुणी वापरला नव्हता. कारण सक्षम अधिकारी म्हणजे साहेब, आणि साहेब कधी जागेवर नसतात. या महिन्यात ते फक्त सत्काराच्या दिवशी सापडणार होते. तो उंदरांचा अठ्ठाविसावा दिवस.

"म्हणजे एक व्यसनी माणूस सभागृहात उभा राहून सगळ्यांसमोर बोलायला हवा," ताई म्हणाली.

"बोलता येणारा," सातनंबर म्हणाला. "तेवढं बघा."

ताई तीन व्यसनमुक्ती केंद्रांत जाऊन आली. माणसं भेटली, चहा पाजला, आपली हकीकत सांगितली, आणि सभागृह म्हटल्यावर प्रत्येकाने हात जोडले. एकाची नोकरी जाणार होती, एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ताई कुणावरही रागावू शकली नाही आणि त्यामुळे तिचं डोकं दुखायला लागलं. घरी तिने यातलं एक अक्षर काढलं नाही. पण ती पत्र टेबलावर विसरली होती आणि नियमाचा आकडा तिने त्याच्याच मागे लिहून ठेवला होता. धाकट्याला दिवसभर वाचायला दुसरं काही नव्हतं.

"मी सांगू का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला बोलता येतं. मागच्या वेळी ज्या केंद्रात होतो तिथले लोक तर म्हणायचे जरा जास्तच येतं."

"नाही म्हटलं ना. समोर अख्खी इमारत असणार आहे."

कारण दरम्यान आणखी एक भानगड झाली होती. खात्याने चाळीस लाभार्थ्यांना चाळीस निमंत्रणं पाठवली होती आणि पत्ता ताईच्या इमारतीचा होता. पोस्टमनने ती सगळ्या पेट्यांमध्ये सारखी वाटून टाकली. छापील निमंत्रण, चहापाण्याची सोय, पुढची खुर्ची राखीव. इमारतीत उत्साह पसरला होता. काकांनी कोट इस्त्रीला दिला होता.

"इमारतीला माहीत नाही असं वाटतं तुला?" धाकटा म्हणाला.

"त्यांना माहीत असणं वेगळं आणि तू तोंडाने सांगणं वेगळं."

"मग मला एकदा तोंडाने सांगू दे की. नाहीतरी माझ्याबद्दल सगळे बोलतात, मीच तेवढा गप्प." मग तो म्हणाला, "ताई, तू मला घेऊन जात नाहीयेस. मी जातोय. तू तुझ्या त्या चाळीसांबद्दल वाईट वाटून घे."

ताई आत जाऊन कपाट आवरायला लागली. कपाट आवरलेलंच होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सभागृह भरलं. मंचावर मोठा फलक होता आणि त्यावर कुठूनतरी आणलेल्या हसऱ्या लोकांचा फोटो. टेबलावर काचेच्या चौकटीतली चाळीस प्रमाणपत्रं रचून ठेवली होती. साहेब गोल आणि प्रसन्न होते. त्यांनी पस्तीस मिनिटं भाषण केलं. व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, निर्धार असला की काहीही सुटतं, आणि या चाळीस जिद्दी तरुणांनी ते दाखवून दिलं आहे. ताई दुसऱ्या रांगेत बसून हातातला रुमाल पिळत होती, आणि ज्याने बघितलं त्याला ती भारावलीय असं वाटलं.

मग साहेबांनी पुकारलं, लाभार्थी क्रमांक एक. कुणी उठलं नाही. सातनंबर ध्वनिक्षेपकावर येऊन लाभार्थी प्रकृतीच्या कारणाने, असं काहीतरी सुरू करणार तेवढ्यात समोरच्या वहिनींनी आपलं निमंत्रण उलटं करून बघितलं. त्यावर एक आकडा होता. त्यांना वाटलं, सोडत आहे. त्या वर गेल्या, गुच्छ घेतला, चौकट घेतली, साहेबांनी त्यांच्या निर्धाराचं कौतुक केलं आणि फोटो निघाला. त्यानंतर रांगच लागली. तळमजल्यावरचे काका क्रमांक सहा होते. त्यांनी कोटाचं बटण लावलं, साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली. चष्मा घरी राहिला होता. ते म्हणाले, या सन्मानाला मी पात्र आहे की नाही ठाऊक नाही, पण सबंध आयुष्य मी यासाठीच खर्च केलं. टाळ्या पडल्या. खाली आल्यावर शेजारच्याने त्यांना चौकटीतला मजकूर वाचून दाखवला. 'अमली पदार्थांच्या विळख्यातून मुक्त झाल्याबद्दल.' काकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पण चौकट चांगली होती, ती त्यांनी सोडली नाही.

इमारतीतले सतरा जण व्यसनमुक्त झाल्यावर धाकटा उठला. त्याच्या हातात निमंत्रण नव्हतं. साहेबांनी गुच्छ पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"मी या चाळीसांतला नाही," तो म्हणाला. "पण तुमची योजना माझ्यासारख्यांसाठी आहे, म्हणून आलो. मला गोळ्यांचं व्यसन आहे. आज तेविसावा दिवस. पहिल्या दिवशी जेवढ्या हव्याशा वाटत होत्या त्यापेक्षा आज जास्त वाटतायत. आत्ता, इथे उभा असतानासुद्धा. असं का होतं ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. गरज संपलेली नाही. तेवढं लिहून घ्या."

साहेब हसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हळूहळू होईल, फक्त मनाचा निर्धार—

इथे ताई उठली. अकरा दिवस घशात अडकलेलं भाषण आता बाहेर येणार होतं. ती मंचावर गेली, ध्वनिक्षेपक हातात घेतला, आणि तिला त्यातलं एकही वाक्य आठवेना. टेबलावर हात आपटायचं तेवढं आठवलं. तो तिने आपटला. उरलेल्या तेवीस चौकटी घसरून खाली गेल्या आणि त्यांच्या काचांचा आवाज बराच वेळ चालला.

"साहेब, निर्धार तुमच्यासमोर उभा आहे," ती म्हणाली. "तेवीस दिवस उभा आहे. निर्धाराला पैसे लागत नाहीत. मला औषधाला लागतात."

छायाचित्रकाराने याचाही फोटो काढला. साहेबांनी काचांकडे बघितलं, छायाचित्रकाराकडे बघितलं, आणि त्यांच्या कोपरापाशी कधीपासून उभ्या असलेल्या सातनंबरकडे बघितलं. सातनंबरच्या हातात एक कागद होता. प्रत्यक्ष निवेदन नोंदवण्याचा. तो आधीच भरलेला होता, तारखेसकट. फक्त सही राहिली होती. त्याने पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. साहेबांनी सही केली. सातनंबरने ताईकडे बघितलं नाही, पण तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला, आणि या वेळी तिने तो रिकामा केला.

धनादेश दुसऱ्या दिवशी मिळणार होता. पण त्या संध्याकाळी घरी धाकट्याने जेवणाचं ताट मागे सारलं. पांघरूण घेऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "बोललो तेव्हा बरं वाटलं. आता फार वाईट वाटतंय. उद्या मला एकट्याला ठेवू नकोस."

उद्या ताईला सकाळी कचेरी गाठायची होती, मग बँक, मग शहराच्या दुसऱ्या टोकाला पुरवठादाराचं गोदाम. आणि औषधांनी छतापर्यंत भरलेल्या त्या गोदामात त्याला बरोबर नेणं म्हणजे वेडेपणाच. ती दारात उभी राहून त्याच्या जुन्या केंद्राला फोन लावत होती, कुणी उचलत नव्हतं, आणि ती फोनवर, केंद्रावर, पाठीच्या डॉक्टरवर आणि एकूणच सगळ्यावर संतापत होती. तेवढ्यात काका जिना चढून आले. चौकट परत करायला आले होते म्हणे. त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. ताईने त्यांना हाकलायला तोंड उघडलं.

"मी बसतो उद्या त्याच्यापाशी," काका म्हणाले.

ताईला वाटलं हा माणूस आता डावी-उजवी सुरू करणार. पण उत्तर आतून आलं.

"बसा," धाकटा म्हणाला. "पण सल्ला द्यायचा नाही. एकही."

दुसऱ्या दिवशी ताई धनादेशासाठी दोन तास, बँकेत दीड तास आणि गोदामात एक तास थांबली. तिघांशीही भांडली आणि दिवे लागायच्या सुमारास बर्फाचा डबा पोटाशी धरून घरी आली. धाकटा खुर्चीत होता. फिकट होता, पण होता. समोर काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले. धाकट्याने सांगितलं की सबंध दिवसात त्यांनी तोंड उघडलं एकोणीस वेळा आणि दर वेळी मिटलं. त्याने मोजलं होतं. मोजण्यात त्याचा दिवस गेला होता. काका उठले, ताईजवळून जाताना थांबले, आणि जे काही म्हणायचं होतं ते न म्हणता खाली गेले.

तिसाव्या दिवशी धाकटा तळघरात आला. वीस उंदरांना औषध, वीस उंदरांना नुसतं पाणी. कुणाला काय ते फक्त पिंजरेवाल्याला माहीत होतं आणि त्याने ती चिठ्ठी पाकिटात बंद करून ठेवली होती, कारण आपल्याला हवं ते बघायची सवय ताईलाही आहेच. दांड्या सुरू झाल्या. एका पिंजऱ्यात कटकट, मग दुसऱ्यात, मग सगळी खोली जुन्या टंकलेखनाच्या कचेरीसारखी वाजायला लागली. धाकटा एका पिंजऱ्यासमोरून दुसऱ्यासमोर जात होता आणि त्याचा चेहरा बघून ताईला वाटलं, याला आणायला नको होतं. मग तो क्रमांक तेराशी थांबला.

तेरा दांडीपाशी गेला. तिला हुंगलं. मागे फिरला, कोपऱ्यात बसला आणि पुढच्या दोन्ही पायांनी तोंड पुसायला लागला.

"याला औषध दिलंय?" धाकट्याने विचारलं.

"माहीत नाही. संध्याकाळी पाकीट उघडायचं."

"मग हा का दाबत नाहीये?"

"माहीत नाही म्हटलं ना," ताई चिडून म्हणाली. "माहीत असतं तर त्या कचेरीचे जिने कशाला चढले असते? त्यासाठीच तर पैसे लागतात."

त्याने स्टूल ओढून घेतलं आणि तेराच्या समोर बसला. बाकीच्या दांड्या वाजत होत्या. पाच मिनिटं गेली, मग आणखी पाच. ताई मागे वही घेऊन उभी होती आणि दर पाच मिनिटांनी आकडे लिहीत होती.

"याचा लिहिलास?" त्याने मागे न बघता विचारलं.

"लिहिला."

"किती?"

"शून्य."

तो जरासा पुढे वाकला. "परत सांग," तो म्हणाला.